परसातली कोंबडी, मांडवावरचा वेल

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरचे घर डोळ्यांपुढे आणा. मागे परस, त्यात मांडवावर चढलेला दुधी किंवा शिराळ्याचा वेल. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे अळू आणि एखादे केळीचे झाड. भिंतीला टेकलेले खुराडे, अंगणात पिलांना घेऊन फिरणारी कोंबडी, दावणीला दोन शेळ्या. हे चित्र पाहून आपण सहज म्हणतो, "पूर्वी सगळे घरचेच असायचे. भाजी घरची, अंडे घरचे, सणाला कोंबडा घरचा."

पण या वाक्याकडे थोडे थांबून पाहू. हे 'पूर्वी' म्हणजे नेमके कधी? परसातल्या या गोष्टी तिथे आल्या कुठून? त्यांवर पाच माणसांचे कुटुंब खरेच जेवत होते का? आणि जे काही मिळत होते ते आता कमी झाले असेल, तर कशामुळे? या प्रश्नांच्या मागे गेलो, की भातशेती, रान, रेल्वे, विषाणू आणि धरणे हे सगळे एका परसात येऊन मिळतात.

भातामागून आलेली कोंबडी

आपल्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जंगलांत राहतो. हा पक्षी माणसाजवळ कसा आला? पूर्वी असे समजले जाई, की सिंधू संस्कृतीच्या काळी किंवा त्याही आधी तो पाळला गेला असावा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी जगभरच्या उत्खननांतील कोंबड्यांची हाडे पुन्हा तपासली. निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वॉट या ठिकाणची निघाली. त्यांचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५० च्या दरम्यानचा आहे. म्हणजे कोंबडी माणसाच्या दारात आली त्याला साडेतीन हजार वर्षांच्या आसपास झाली.

या अभ्यासकांच्या मते तिला दारात आणले ते भात आणि राळ्यासारख्या धान्याच्या शेतीने. रान तोडून शेत केले, कापणीनंतर दाणे सांडले, खळ्याभोवती किडे जमले. झाडावर राहणारा रानकोंबडा या दाण्यांसाठी खाली उतरला आणि हळूहळू माणसाला सरावला. त्याला पकडून आणण्याआधी तो उरलेसुरले टिपायला स्वतःच आला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

शहापूर-मुरबाडच्या रानात मात्र तांबडा रानकोंबडा आढळत नाही. सह्याद्रीत असतो तो राखी रानकोंबडा. आपल्या कोंबडीशी याचा काही संबंध आहे का? आहे, आणि तो कोंबडीच्या पायांवर दिसतो. पुष्कळ कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. तांबड्या रानकोंबड्याची तशी नसते. २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. हा पक्षी फक्त भारतात, मुख्यतः दख्खनच्या द्वीपकल्पात राहतो. तेव्हा बाहेरून आलेली पाळीव कोंबडी आणि इथला रानकोंबडा यांचा संकर कधीतरी याच भूमीवर झाला असणार. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत तो वारसा आहे.

घाटावरचा एक धडा

शेळी कोंबडीपेक्षा जुनी. पश्चिम आशियात ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाळली गेली. महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांकडे ती होती याचा चांगला पुरावा आपल्याजवळच आहे. मुरबाडहून नाणेघाट चढून गेले की जुन्नर लागते. तिथून पूर्वेकडे, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातले हे गाव. लोक सातू, गहू, मसूर, कुळीथ पिकवत. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळत आणि हरणांची शिकारही करत.

इ. स. पूर्व १००० नंतरच्या थरांत चित्र पालटलेले दिसते. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवरची भिस्त वाढते. उत्खननाचे एक प्रमुख डॉ. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण हवामान कोरडे होत गेले, असे मांडले. पाणी कमी झाले की कुटुंब कशाकडे वळते? जे जनावर माणसाच्या ताटातले न मागता झुडपांच्या पाल्यावर जगते त्याच्याकडे. शेळीच्या पोटातले सूक्ष्मजीव आपल्याला न पचणाऱ्या पाल्यातून तिला अन्न मिळवून देतात. तिचे मोल यातच आहे.

मांडवावर कोण कोण?

आता भाजीकडे वळू. काकडी हिमालयाच्या पायथ्याची. दोडका आणि पडवळही आपल्याच भागातले. दुधी मूळचा आफ्रिकेतला, पण इतिहासपूर्व काळीच आशियात पोचलेला. आणि मिरची, टोमॅटो, लाल भोपळा, बटाटा, रताळे, पेरू, पपई? ही सारी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. या काळात ही पिके पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि पुढे आत शिरली. म्हणजे 'आपल्या आजीच्या परसा'तल्या निम्म्या गोष्टी पाचशे वर्षांपूर्वी इथे नव्हत्या. परस हा नेहमीच नवे सामावून घेणारा होता.

तरीही परसाचा हंगाम काही बदलला नाही. मृगात बिया पेरायच्या, गणपतीच्या सुमारास भाजी सुरू व्हायची, दिवाळीनंतर वेल वाळायचे. भात कापून झाले की शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा. वालात सुमारे २४ टक्के प्रथिने असतात. तेव्हा या भागातल्या घरातले रोजचे 'मांस' हे खरे तर वाल होते, असे म्हटले तरी चालेल.

हिशेब करून पाहू

आता मुख्य प्रश्न. समजा घरी पाच गावठी कोंबड्या आहेत. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसते. पाच कोंबड्यांची ३०० अंडी झाली. निम्मी उबवायला ठेवली. त्या १५० मधून तीन चतुर्थांश, म्हणजे सुमारे ११२ पिले निघाली. घार, मुंगूस, मांजर यांच्या तावडीतून निम्मी वाचली, तर ५५ च्या आसपास पक्षी मोठे होतील. त्यांतले निम्मे विकले, कारण मीठ, तेल, कपडा यांना पैसे लागतात. उरलेल्या २७ पक्ष्यांचे, दर पक्ष्याचे साडेसहाशे ग्रॅम धरून, वर्षाला साडेसतरा किलो मांस होईल. पाच माणसांत वाटले तर माणशी दिवसाला दहा ग्रॅमही नाही! अंडी उरली माणशी ३०. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेले प्रमाण वर्षाला १८० आहे.

मग कोंबड्या वाढवल्या तर? इथे दुसरा हिशेब आडवा येतो. कोंबडीला पूर्ण दाण्यावर पोसायचे म्हटले, तर दिवसाला ७० ग्रॅम धरून वर्षाला साडेपंचवीस किलो धान्य लागेल. त्यात सुमारे दोन किलो प्रथिने असतात. तिच्या ६० अंड्यांतून परत मिळतील पाव किलोच्या थोडी वर. धान्य माणसांनी खाल्ले असते तर कितीतरी जास्त प्रथिने मिळाली असती! मग कोंबडी परवडते कशी? ती घरातले धान्य मागत नाही म्हणून. वाळवी, नाकतोडे, गांडुळे, खळ्यावरचे सांडलेले दाणे, कोंडा, खरकटे यांवर ती जगते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्यासाठी ती दारात आली तेच तिचे खाणे आहे. पण असे उरलेसुरले एका अंगणात ठरावीकच असते. त्यापेक्षा जास्त कोंबड्या पाळल्या तर सगळ्याच उपाशी राहतात.

वेलाचेही तसेच. मोरीचे पाणी, चुलीतली राख, शेण आणि लेंड्या यांवर तो वाढतो. परस म्हणजे घरातल्या, शेतातल्या आणि रानातल्या उरल्यासुरल्याचे अन्न करणारी जागा. त्यावर पूर्ण कुटुंबाचे पोट कधीच भरत नव्हते. पोट भात, नाचणी, वरी आणि वालावर भरे. परसाने त्यात भर घातली ती पोटभर अन्नातही कमी पडणाऱ्या गोष्टींची: अंड्यातले बी-१२ आणि अ जीवनसत्त्व, पालेभाजीतले लोह, सणाचा रस्सा. शिवाय कोंबडी ही घरातली चिल्लर होती आणि शेळी ही मोठी नोट. पोर आजारी पडले की शेळी विकायची. बैल तर दर वर्षी पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा येथील जत्रेत घ्यायचा, जिवापाड जपायचा.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई झाली तेव्हा तिथल्या सरकारने लोकांना अंगणात कोंबड्या पाळायला सांगितले. जो आपला अंड्यांचा शिधा सोडेल त्याला खाद्याचा थोडा कोटा मिळे. तो स्वयंपाकघरातल्या सालीत व उष्ट्यात मिसळून कोंबड्यांना घालायचा. गोऱ्या लोकांच्या अंगणालाही हाच नियम लागू होता: मुख्य आधार उरल्यासुरल्याचा, वर थोडी बाहेरची मदत.

मागचे रान

शहापूर-मुरबाडच्या परसामागे आणखी एक मोठा परस होता, तो म्हणजे रान. पहिल्या पावसात शेवळी, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. ओढ्यात चढणीचे मासे, बांधावर खेकडे. शिकारीत ससा, रानकोंबडा, क्वचित भेकर. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या आणि पालापाचोळा, शेळ्यांना पाला हेही तिथलेच. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या घरात मांस-मासळीचा मोठा वाटा घरच्या जनावरांपेक्षा या रानातून येत असे.

१८५५ साली रेल्वे वासिंदला पोचली आणि १८६१ साली कसाऱ्याला. मुंबईला लाकूड, कोळसा आणि गवत हवे होते. ते आता सहज नेता येऊ लागले. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव आणि संरक्षित वने ठरवण्याची चौकट घातली. फांद्या तोडणे, जनावरे चारणे यांवर बंधने आली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या, की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबासाठी फांद्या तोडू द्यायच्या की नाही, हा त्यातला एक मोठा वादाचा मुद्दा होता.

पुढे या भागात जमीन सावकारांकडे गेली. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की खावटीचे धान्य उचलायचे आणि सुगीत दामदुपटीने फेडायचे, अशी साखळी तयार झाली. १९३९ च्या सिमिंग्टन यांच्या अहवालात मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या कर्जबाजारीपणाचे वर्णन आहे. अशा घरात कोंबडी असली तरी अंडे पोराच्या पानात पडेलच असे नव्हते. ते बाजारात जाई, किंवा दारी आलेल्या मोठ्या माणसाच्या पुढ्यात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. घटत्या वन्यजीवांसाठी ते आवश्यकच होते. पण त्याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. रानातले मांस गेल्यावर घरची कोंबडी आणि शेळी यांच्यावरचा भार वाढला. तो पेलण्याइतके परसाचे बळ वाढले का?

मानमोडी

वाढले नाही, याचे एक कारण म्हणजे रोग. उन्हाळ्याच्या तोंडाशी एखाद्या पाड्यावर कोंबड्या माना वाकड्या करून पडू लागतात आणि आठवड्याभरात खुराडी रिकामी होतात. गावात याला मानमोडी म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही लोकांनी हेच नाव दिले होते, पण हा विषाणू वेगळा. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे तो ओळखला गेला. पुढच्याच वर्षी भारतात, कुमाऊँतल्या राणीखेतजवळ त्याची साथ नोंदली गेली. म्हणून आपल्याकडे त्याला राणीखेत रोग म्हणतात.

१९४० च्या दशकातच मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत यावर लस तयार झाली. ती आजही स्वस्त आहे आणि पुण्यातल्या सरकारी संस्थेत बनते. मग ऐंशी वर्षांनंतरही पाड्यावर मानमोडी का येते? अडचण साधी आहे. लशीची एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांसाठी असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. मोठ्या पोल्ट्रीला हे सोपे जाते. ज्याच्या घरी आठ कोंबड्या आहेत त्याने काय करायचे? एकट्या घराने हे जमत नाही. सबंध पाड्याने एकाच पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच, लसीकरण केले तर जमते.

दरम्यान शहरांकडून दुसरीच कोंबडी आली. १९७० नंतर महाराष्ट्रात व्यापारी पोल्ट्री वाढली. ब्रॉयलर पक्षी सहा आठवड्यांच्या आतच दोन किलोचा होतो. गावठीला एक किलोला पाच-सहा महिने लागतात. त्यामुळे आज पाड्याजवळच्या नाक्यावरही ब्रॉयलरचे मांस गावठीपेक्षा स्वस्त मिळते. पण त्यासाठी रोख पैसा लागतो. मोठ्या संख्येने पाळलेल्या आणि अंगणातल्या पक्ष्यांचे नशीबही आता एकमेकांत गुंतले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली येथे शंभरेक पक्षी मेले आणि तपासणीत बर्ड फ्लू आढळला. तेव्हा आसपासच्या एक किलोमीटर परिघातले सुमारे २५ हजार पक्षी मारण्याचा आदेश निघाला.

धरण उशाला

दुसरे कारण पाणी. शहापूर-मुरबाडला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ. पाणी मुरते थोडे, वाहून जाते फार. म्हणूनच इथे धरणे बांधणे सोयीचे झाले. मुंबईसाठी तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे वैतरणेवर मोडकसागर, मग भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. एकट्या भातसातून मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी जाते. आणि याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांना टँकर लागतो.

परसाला किती पाणी लागते? उन्हाळ्यात एक चौरस मीटर भाजीला दिवसाला पाचेक लिटर. वीस चौरस मीटरच्या वाफ्याला शंभर लिटर झाले. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर बाईच्या डोक्यावरून जवळजवळ सात हंडे! पिण्याचे पाणीच लांबून आणणारी बाई वेलाला पाणी कसे घालणार? शेतीप्रयोगकर्ते श्रीपाद दाभोळकर यांनी दहा गुंठ्यांत पाच जणांचे कुटुंब उत्तम जगू शकते हे प्रयोग परिवाराच्या कामातून मांडले. त्यांच्या हिशेबात सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि श्रम यांना मोठे स्थान आहे. ते सारे शहापुरातही आहे. नाही ते फक्त उन्हाळ्यातले पाणी. डिसेंबरनंतर परस वाळतो आणि पुढचे सहा महिने घरात ताजी भाजी येते ती आठवडी बाजारातून, आली तर.

शाळेत काय करता येईल?

शाळेत पोषण आहार आहे, पुष्कळ शाळांत परसबागही आहे. बहुतेक ठिकाणी ती पावसाळ्यात फुलते आणि उन्हाळ्यात सुकते. मुलांना हा इतिहास शिकवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्यांच्याच घरांची नोंद करणे. प्रत्येकाने वर्षभर महिनावार लिहावे: घरात किती अंडी झाली, किती उबवली, किती विकली, किती खाल्ली, कोंबड्या कशाने गेल्या, कोणत्या महिन्यापर्यंत परसातली भाजी होती, मोरीचे पाणी कुठे जाते. वर्गातल्या तीस घरांचे आकडे एकत्र केले, की पाड्याचा परस कागदावर उभा राहील. त्यातून पुढच्या कामाची दिशाही मिळेल. मानमोडीने जास्त पक्षी जात असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्याला सगळ्या घरांची मिळून एकच मागणी करता येईल. मोरीचे पाणी वाया जात असेल, तर त्यावर आणि पालापाचोळ्याच्या आच्छादनावर सात-आठ चौरस मीटरचा वाफा मार्चपर्यंत तरी धरता येईल.

नोंदीतला एक रकाना मात्र विसरू नका: खाल्लेल्या अंड्यांपैकी घरातल्या कुणाला किती मिळाली? आईला किती, मुलीला किती, पाहुण्याला किती? परसात काय पिकते हे ऊन, पाणी आणि उरल्यासुरल्यावर ठरते. पिकलेले कुणाच्या पानात पडते हे मात्र माणसे ठरवतात.